मागण्याचा अधिकार

इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टन शहराजवळ पर्टन नावाचं गाव आहे. तिथल्या एका शेतावर १९८७पासून सुमारे तीस वर्षं, ऐन जानेवारीच्या गारठ्यात, ‘टफ गाय’ नावाची अडथळ्यांची शर्यत भरत असे. बिली विल्सन या माजी सैनिकानं ती सुरू केली होती. बर्फगार पाण्याचे चर, श्वास रोखून पाण्याखालून पार करायचे बोगदे, काटेरी तारांखालचा चिखल, पेटवलेल्या पेंढ्या, अंगाला लागताच झटका देणाऱ्या विजेच्या लोंबत्या तारा, असा तो मार्ग. उतरण्याआधी प्रत्येकानं एका कागदावर सही करायची आणि माझं काही बरंवाईट झालं तर त्याला मीच जबाबदार, असं लिहून द्यायचं. त्या कागदाला तिथे मृत्यूचं वॉरंटच म्हणत. अंगातली ऊब संपल्यामुळे दर वर्षी कितीतरी जणांना अर्ध्यातूनच बाहेर काढावं लागे. याच शेतावर टाकून दिलेल्या, थकलेल्या घोड्यांना आसरा होता आणि शर्यतीचं उत्पन्न त्यांच्या दाणापाण्याला लागत असे. शिवाय धावणाऱ्यांपैकी पुष्कळ जण आपापल्या ओळखीच्यांकडून कुठल्या ना कुठल्या सेवाभावी संस्थेसाठी पैसे कबूल करून घेऊन आलेले असत. पुढे २०१० साली अमेरिकेत ‘टफ मडर’ आणि ‘स्पार्टन रेस’ सुरू झाल्या, हा प्रकार जगभर पसरला, भारतातही आला. ‘टफ मडर’नं अमेरिकेत ‘वूंडेड वॉरियर प्रोजेक्ट’ या जखमी सैनिकांसाठी काम करणाऱ्या संस्थेशी नातं जोडलं. बोलणं सगळीकडे एकच असतं: मी हे सोसणार आहे, तुम्ही अमुक कामाला पैसे द्या.

या बोलण्यात एक जुना धार्मिक प्रश्न दडलेला आहे. एखादा माणूस काटेरी तारांखालून सरपटला म्हणून कर्करोग झालेल्या मुलाच्या वेदनेत तिळभरही फरक पडत नाही. फरक पडला तर औषधानं, शुश्रूषेनं, संशोधनानं पडेल आणि त्यासाठी पैसा लागेल. मग तो पैसा मध्ये कुणीतरी सरपटल्याशिवाय का निघत नाही? देणाऱ्याला मुलाची दया येत असेल तर त्यानं सरळ द्यावं. येत नसेल तर परक्या माणसाच्या गुडघ्यांवरच्या ओरखड्यांनी ती का यावी? वेदनेला अशी काही किंमत आहे का, की ती एकानं सोसली आणि तिचं फळ दुसऱ्याच्या पदरात पडलं? नवस बोलणाऱ्या, लोटांगण घालत देवाला जाणाऱ्या, मुलाच्या आयुष्यासाठी उपास धरणाऱ्या आपल्या समाजाला हा प्रश्न परका नाही. म्हणूनच त्याचं उत्तर आपल्या परंपरेतल्या विचारानं शोधून पाहायला हवं असं मला वाटतं.

माणसांना असं वाटतं, एवढं तर प्रयोगांतूनही दिसलं आहे. ख्रिस्तोफर ऑलिव्होला आणि एल्डर शफीर या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना विचारलं होतं, की सत्कार्यासाठी भरवलेल्या सहलीच्या जेवणाला जायचं असेल तर किती द्याल आणि त्याच कार्यासाठी पाच मैल धावायचं असेल तर किती द्याल. धावण्यासाठी लोक जास्त द्यायला तयार होते. खरे पैसे देऊन केलेल्या प्रयोगातही, बोचऱ्या थंड पाण्यात हात बुडवून ठेवावा लागणार असेल तर माणसं सामाईक निधीत जास्त वाटा टाकत होती. या प्रवृत्तीला त्यांनी हौतात्म्याचं नाव दिलं. आणखी एक गोष्ट त्यांना आढळली आणि ती माझ्या दृष्टीनं फार महत्त्वाची आहे: कार्य माणसांच्या दुःखाशी निगडित असेल तेव्हा हा परिणाम सर्वांत ठळक होता. म्हणजे दुःखासाठी काही करायचं तर तेही थोडं दुःख सोसूनच करावं, अशी एक जुळणी आपल्या मनात असते. पण मन असं चालतं एवढंच यावरून कळतं. ते बरोबर चालतं का, हे मानसशास्त्र सांगू शकत नाही.

वेदनेलाच पुण्य मानण्याविरुद्ध धर्मविचारात फार स्पष्ट शब्दांत इशारे दिलेले आहेत. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात तपाचं विवेचन आहे. दंभानं आणि अहंकारानं घोर तप करणारे, शरीराला आणि शरीरात वसणाऱ्या ईश्वरालाही पीडा देणारे लोक तिथे आसुरी वृत्तीचे म्हटले आहेत. त्याहून लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की शरीराचं तप म्हणून गीता जे सांगते त्यात वेदनेचा उल्लेखच नाही. त्यात आदर आहे, स्वच्छता आहे, सरळपणा आहे, ब्रह्मचर्य आहे, अहिंसा आहे. सत्कारासाठी, मानासाठी केलेलं तप राजस आणि अस्थिर. स्वतःचा छळ करून केलेलं तामस. बुद्धानं उरुवेलेत देह झिजवून पाहिला आणि मग ती वाट सोडली. सारनाथच्या पहिल्याच उपदेशात त्यानं सुखलोलुपतेबरोबर देहदंडालाही बाजूला सारलं. जैन परंपरा देहदंडाला सर्वाधिक मान देणारी म्हणून ओळखली जाते, पण तिथलीही मांडणी बघण्यासारखी आहे. तपाचे बारा प्रकार: सहा बाह्य, सहा आभ्यंतर. कायक्लेश बाह्य तपात मोडतो. वैयावृत्त्य, म्हणजे आजारी, वृद्ध, थकलेल्या साधूंची सेवा, हे मात्र आभ्यंतर तपात, स्वाध्याय आणि ध्यान यांच्या पंक्तीला बसवलेलं आहे. देहाला होणारा त्रास दाराबाहेर आणि दुसऱ्याची सेवा घरात. ख्रिस्ती परंपरेत पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात हेच टोकाला नेऊन सांगितलं आहे: प्रेम नसेल तर देह अग्नीत दिला तरी त्याचा काही लाभ नाही. इतक्या दूरदूरच्या परंपरा इथे एका मताच्या असतील तर वेदना हे दानाचं मोल आहे, ही समजूत आपण सोडून द्यायला हवी.

ती सोडायला आणखी एक सरळ कारण आहे. वेदना हे मोल असतं तर जास्त वेदनेला जास्त पैसा मिळाला असता. तसं घडत नाही. एप्रिल २०२० मध्ये बेडफर्डशरमधल्या मार्स्टन मोरेटेन इथे कॅप्टन टॉम मूर हे ९९ वर्षांचे निवृत्त लष्करी अधिकारी चालण्याच्या आधारचौकटीला धरून आपल्या बागेत फेऱ्या मारू लागले. एक फेरी २५ मीटरची. शंभरावा वाढदिवस यायच्या आत अशा शंभर फेऱ्या आणि हजार पौंड, एवढाच संकल्प होता. त्यांच्या नावे सरकारी आरोग्यसेवेच्या साहाय्यनिधीला तीन कोटी पौंडांहून अधिक रक्कम जमली. पर्टनच्या बर्फाळ चरांत एका दिवसात याच्या कितीतरी पट यातना सोसल्या जात आणि त्यांतल्या कुणाच्याही नावावर असा निधी नाही. तेव्हा या शंभर फेऱ्यांमध्ये लोकांना यातनेखेरीज दुसरं काहीतरी दिसलं असलं पाहिजे.

ते काय असावं याचं माझं उत्तर असं: कष्ट हे दानाचं मोल नव्हे, तो मागण्याचा अधिकार आहे. देणं कठीण आहे हे सगळे सांगतात. मागणं त्याहून कठीण आहे, हे मागून पाहिलेल्यांनाच कळतं. दुसऱ्यासाठी मागतानाही मागणाऱ्याच्या मनात एक अडचण असते आणि ऐकणाऱ्याच्या मनात एक शंका. माझ्या खिशात हात घालायला सांगणाऱ्या, तू स्वतः यात काय घातलं आहेस? ही शंका कंजूषपणाची नाही, न्यायाची आहे. आपल्याकडे भिक्षेला जो मान होता त्याच्या मुळाशी हेच होतं, की भिक्षा मागणाऱ्यानं आधी स्वतःचं काही सोडलेलं असे. गाडगेबाबा ज्या गावात जात तिथे दिवसा हातात खराटा घेऊन रस्ते झाडत आणि रात्री कीर्तनात उभे राहत. त्यांच्या शब्दावर पंढरपूर, नाशिक, आळंदी इथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. तो पैसा वक्तृत्वानं आला असं म्हणणं अपुरं आहे. श्रोत्यांनी दिवसभर तो खराटा पाहिलेला असे. अण्णासाहेब कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम १८९६ साली स्थापन झाला आणि पुढे हिंगण्याला गेला. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवून पावसाळ्यातला चिखल तुडवत हिंगण्याची वाट चालणारा माणूस जेव्हा वर्गणी मागे, तेव्हा त्याला नाही म्हणणाऱ्यालाही तो स्वतः काय देतो हे विचारता येत नसे.

इथे अडथळ्यांच्या शर्यतीची उणीव उघडी पडते आणि ती झाकण्यात अर्थ नाही. गाडगेबाबांच्या खराट्यानं गाव स्वच्छ होई. कर्व्यांच्या पायपिटीनं मुलींना शिक्षक मिळे. त्यांचे कष्ट मागण्याचा अधिकार देत ते उपयोगी होते म्हणून, आणि ते दिसत एवढ्यानं तो मिळत नसे. काटेरी तारांखालून सरपटण्याचा कुणालाच उपयोग नाही. तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांनी १९७२ सालच्या एका प्रसिद्ध लेखात मांडलेलं उदाहरण इथे आठवावं: उथळ तळ्यात मूल बुडत असेल तर कपडे चिखलानं माखतील याची पर्वा न करता आत शिरणं हे आपलं कर्तव्य आहे. त्या उदाहरणात चिखल आहे, पण तो मुलापर्यंत जाण्याच्या वाटेत आहे. शर्यतीतला चिखल कुणापर्यंतच जात नाही. मग हे निरुपयोगी कष्ट मागण्याचा अधिकार देतातच कसे?

माझ्या मते ते एकाच ठिकाणी देतात: जिथे आपला हात पोचू शकत नाही तिथे. तळ्यातल्या मुलापर्यंत हात पोचतो. गावच्या रस्त्यापर्यंत पोचतो. पण हाडांच्या कर्करोगावर औषध शोधणाऱ्या प्रयोगशाळेत सामान्य माणसानं जाऊन काय करावं? तिथे त्याच्या भल्या इच्छेला एक परीक्षानळीही धुऊ देणार नाहीत आणि ते योग्यच आहे. करोनाच्या टाळेबंदीत ९९ वर्षांच्या माणसानं रुग्णालयात जाऊन काय करावं? अशा वेळी दुःखाशी आपला संबंध फक्त पैशापुरता उरतो आणि पैशापुरता उरलेला संबंध माणसाला पुरत नाही. धनादेश दिला, विषय संपला, याचं समाधान होत नाही, कारण दुःख समोर दिसत असताना आपल्या देहानं काहीच केलेलं नसतं. तेव्हा तो देहाला दुसरं काही कठीण करायला लावतो आणि म्हणतो, हे मी त्याच्यासाठी केलं. ही मदत नव्हे; मदत करता येत नसताना त्या दुःखाशी जोडून घेण्याची ती खूण आहे. मुलाच्या आजारपणात उपास धरणाऱ्या आईला उपासानं ताप उतरणार नाही हे कळत नाही, असं समजणं हा तिचा अपमान आहे. वैद्यानं सांगितलेलं सगळं करून झाल्यावर तिच्या हाती जे उरतं ते ती करते.

याचा दुसरा भाग कडक आहे आणि तोही मानायला हवा. जिथे हात पोचतो तिथे शर्यत ही दुय्यम प्रतीची सेवा आहे. शेतावरच्या घोड्यांना खरारा करायला माणसं हवी असतील तर बर्फात उडी मारण्यापेक्षा खरारा केलेला बरा. शेजारच्या वृद्धाला दवाखान्यात न्यायला वेळ नसेल आणि वृद्धांच्या निधीसाठी रोज दोन तास सराव करायला असेल, तर त्या सरावाला गीतेनं कुठल्या प्रकारात घातलं असतं हे सांगायची गरज नाही.

आता सरावाविषयी, कारण या सगळ्या प्रकारातला सर्वांत मोलाचा भाग मला तिथे दिसतो आणि त्याच्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं. शर्यत एका दिवसाची, तयारी महिनोन्‌महिन्यांची. डोंगराच्या चढावर धावणं, वाळूच्या पिशव्या खांद्यावर घेऊन चालणं, दोरावर चढणं, आडव्या दांड्यांना लोंबकळत पुढे सरकणं, पकड सुटू नये म्हणून बोटं आणि मनगटं बळकट करणं, थंड पाण्याची सवय करणं. ‘स्पार्टन’मध्ये एखादा अडथळा जमला नाही तर दंड म्हणून पूर्वी तीस बर्पी मारायच्या असत, म्हणजे उभ्यावरून जोर काढण्याच्या स्थितीत जायचं आणि पुन्हा उठून उडी मारायची, तेव्हा त्यांचीही तयारी ठेवावी लागे. हे सगळं अंधारात, कुणी बघत नसताना होतं. शर्यतीच्या दिवशी गर्दी असते, छायाचित्रं असतात, अंगात वारं भरलेलं असतं. त्या दिवशीच्या यातनेत निश्चयापेक्षा उन्माद जास्त असू शकतो. पहाटे अंथरुण सोडताना उन्माद नसतो. तिथे एक माणूस, त्यानं चार लोकांना दिलेला शब्द आणि ज्याच्यासाठी शब्द दिला त्याची आठवण, एवढंच असतं. एखाद्या अनोळखी माणसाचं दुःख अर्धं वर्ष रोज लक्षात ठेवायला लावणारी योजना आपल्या आयुष्यात दुसरी किती आहे? वारकऱ्यांचं नेम धरणं या जातीचं आहे: एका दिवसाच्या भावनेला वर्षभराच्या सवयीत आणून बसवणं.

अडथळ्यांच्या मार्गाचा इतिहासही इथे बोलका आहे. लष्करात वापरल्या जाणाऱ्या अशा मार्गांमागे ज्याचा मोठा हात मानला जातो, तो जॉर्ज एबेर हा फ्रेंच नौदल अधिकारी. १९०२ साली मार्तिनिक बेटावर पले ज्वालामुखीचा उद्रेक होऊन सेंट पिएर शहर नष्ट झालं, तेव्हा माणसांना वाचवण्याच्या कामात तो होता. धावणं, चढणं, उचलणं, तोल सांभाळणं, पोहणं अशी व्यायामपद्धत त्यानं पुढे उभी केली आणि तिचं ब्रीद उपयोगी पडण्यासाठी बलवान व्हा, या अर्थाचं ठेवलं. म्हणजे हा मार्ग परोपकारासाठीच आखला गेला होता. पैसा आणि प्रायोजक नंतर आले. बळ आणि सेवा यांची ही जोडी मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. समर्थ रामदासांनी जागोजागी ज्याची स्थापना केली तो मारुती बळाचा देव आहे आणि दासही आहे; तालमीत त्याच्या मूर्तीपुढे जोर काढणारा मुलगा या दोन्ही गोष्टी एकत्रच शिकतो. शर्यतीसाठी कमावलेलं शरीर शर्यतीनंतरही राहतं. पुरात अडकलेल्याला ओढून काढायला किंवा जिना नसलेल्या इमारतीतून रुग्णाला खाली आणायला ते उपयोगी पडेल. ‘टफ मडर’च्या काही अडथळ्यांत तर हा धडा प्रत्यक्षच आहे: घसरड्या, वळणदार उंच भिंतीवर बहुतेकांना एकट्यानं चढता येत नाही, वर पोचलेल्यांनी हात द्यावा लागतो आणि ती स्पर्धा नाही, साथीदाराला मदत करणं स्वतःच्या वेळेपेक्षा महत्त्वाचं आहे, अशी प्रतिज्ञा आधी घेतलेली असते.

यावर हिशेबी माणसाचा आक्षेप ठाऊक आहे आणि तो दमदार आहे. प्रवेशशुल्क, बूट, प्रवास, सरावाचे तास, हे सगळं थेट संस्थेला दिलं असतं तर? त्याच्या हातात पुरावाही आहे. स्कॉटलंडमधल्या टेसाइड भागात सेवाकार्यासाठी पॅराशूटनं उडी मारणाऱ्यांच्या दुखापतींचा पाच वर्षांचा आढावा १९९९ साली प्रसिद्ध झाला. जखमी झालेल्यांपैकी ९४ टक्के लोक दानासाठी पहिल्यांदाच उडी मारणारे होते. दर माणशी सरासरी ३० पौंड जमत आणि जमलेल्या प्रत्येक पौंडामागे सरकारी आरोग्यसेवेला १३.७५ पौंड खर्च येत होता. यापुढे बोलायला जागा राहत नाही. २०१३ साली वेस्ट व्हर्जिनियात ‘टफ मडर’च्या पाण्याच्या अडथळ्यात एका तरुणाचा बुडून मृत्यू झाला, तेही विसरता येणार नाही. माझ्या मांडणीतून निघणारं उत्तर असं: टेसाइडच्या त्या उड्यांत मागण्याचा अधिकार कमावलाच गेला नव्हता, कारण तिथे तयारीऐवजी नुसती जोखीम होती आणि जोखमीचा बोजा तिसऱ्याच्याच डोक्यावर पडत होता. स्वतः सोसणं आणि दुसऱ्याला सोसायला लावणं यांत हा फरक आहे. नीट तयारी केलेल्या धावपटूंचं चित्र वेगळं दिसतं. १९८१ साली सुरू झालेल्या लंडन मॅरेथॉननं आजवर विविध संस्थांसाठी एक अब्ज पौंडांहून अधिक पैसा उभा केला आहे, आणि मुंबईची मॅरेथॉनही २००४पासून त्याच वाटेनं चालली आहे. हा सगळा पैसा एरवीही आला असता असं कुणी म्हणेल तर मला ते पटत नाही. देणाऱ्यांतले कित्येक जण संस्थेला ओळखतही नसतात. ते धावणाऱ्याला ओळखतात आणि त्याच्या शब्दाखातर देतात.

दुसरा आक्षेप मिरवण्याचा. डाव्या हाताला कळू न देता उजव्या हातानं द्यावं, असं येशूनं सांगितलं. इथे तर चिखलानं माखलेल्या चेहऱ्याचं छायाचित्र सर्वांना दाखवून मागितलं जातं. हे खरं असलं तरी गुप्तता हा देणाऱ्याचा धर्म आहे, मागणाऱ्याला लपून मागता येत नाही. त्याच्या बाबतीत पाहायचं ते एवढंच, की लोकांच्या तोंडी शेवटी कुणाचं नाव उरतं. आणि नाव मागणाऱ्याचं उरलं तर काय होतं, याचंही उदाहरण घडून गेलं आहे. कॅप्टन मूर यांच्या नावानं पुढे स्वतंत्र संस्था निघाली. तिच्या कारभारात गंभीर गैरप्रकार झाल्याचा आणि त्यातून कुटुंबीयांचा फायदा झाल्याचा निष्कर्ष ब्रिटनच्या धर्मादाय आयोगानं नोव्हेंबर २०२४च्या अहवालात काढला. शंभर फेऱ्यांनी मिळालेला अधिकार एका माणसाचा होता, एका कामापुरता होता. तो वारसानं मिळण्याजोगा नव्हता.

तिसरा आक्षेप मला खरोखर अस्वस्थ करतो. मराठवाड्यातून दर हंगामात ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांकडे पाहा. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची म्हणून पहाटेच्या थंडीत फडात उतरायचं, दिवसभर कोयता चालवायचा, उसाच्या मोळ्या बांधायच्या आणि त्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढवायच्या. जड ओझं घेऊन अरुंद उतारावर चढणं हा अडथळ्यांच्या शर्यतीतला प्रकारच आहे. पण त्या बाईच्या चढण्याला कुणी प्रायोजक होत नाही. तिच्या कष्टांनी आपलं मन हलत नाही, आणि सुखवस्तू माणसानं सुट्टीच्या दिवशी हौसेनं उचललेल्या वाळूच्या पिशवीनं हलतं. ही आपल्या नैतिक दृष्टीतली फट आहे. निवडलेल्या दुःखात आपल्याला इच्छाशक्ती दिसते म्हणून आपण त्याचं कौतुक करतो. लादलेलं दुःख आपल्याला परिस्थितीसारखं, हवामानासारखं वाटतं. ‘वूंडेड वॉरियर’साठी लुटुपुटूच्या रणभूमीवर धावणाऱ्यांनाही हाच प्रश्न विचारता येईल, की ज्यांचे पाय खऱ्या रणभूमीवर गेले त्यांच्या कहाणीनं एकटीनं पैसे का निघाले नाहीत.

याला माझ्याकडे सोयीचं उत्तर नाही. पण वर जी सीमा आखली ती इथे उपयोगी पडते असं मला वाटतं. ऊसतोड कामगाराच्या दुःखापर्यंत आपला हात पोचतो. ते असाध्य रोगासारखं प्रयोगशाळेच्या दाराआड नाही. ते मजुरीच्या दरात आहे, उचलीच्या व्यवहारात आहे, फडावरच्या पाण्याच्या आणि मुलांच्या शाळेच्या प्रश्नात आहे. तिथे दानाच्या आधी न्याय येतो, आणि न्यायासाठी धावून पैसे गोळा करणं म्हणजे जे देणं लागतो ते बक्षीस म्हणून देणं. गीतेनं सात्त्विक दानाची जी खूण सांगितली आहे, देश, काल आणि पात्र ओळखून, परतफेडीची अपेक्षा न ठेवता, द्यायलाच हवं म्हणून दिलेलं, तिच्यातलं ‘द्यायलाच हवं’ हे इथे शब्दशः लागू आहे. शर्यतीनं आपला अधिकार इथे चालवू पाहू नये. आणि जो माणूस सहा महिने पिशवी उचलून स्वतःच्या खांद्याला ओझं म्हणजे काय हे शिकवतो, त्याला मोळी चढवणारी बाई जर पूर्वीपेक्षा अधिक दिसू लागली नाही, तर त्याच्या तयारीत काहीतरी राहून गेलं.

हे सगळं ज्याच्या बाबतीत ताडून पाहता येईल असं एक उदाहरण आहे. कॅनडाच्या टेरी फॉक्सचा उजवा पाय १९७७ साली, अठरा वर्षांचा असताना, हाडाच्या कर्करोगामुळे गुडघ्याच्या वर कापावा लागला. उपचारांच्या काळात त्यानं भोवतालच्या रुग्णांना, त्यातही मुलांना, सोसताना पाहिलं. मग वर्षभराहून अधिक काळ त्यानं कृत्रिम पायावर सराव केला, सुमारे ५,००० किलोमीटर, आणि १२ एप्रिल १९८० रोजी न्यूफाउंडलंडमधल्या सेंट जॉन्सहून देश ओलांडायला निघाला. रोज जवळजवळ एक मॅरेथॉन. कर्करोगाच्या संशोधनासाठी प्रत्येक कॅनडावासीयाकडून एक डॉलर, एवढंच मागणं. स्वतःच्या नावाचा बाजार त्यानं होऊ दिला नाही. कापलेल्या पायाच्या टोकाला जखमा होत, रक्त येई, तरी तो थांबत नसे आणि तब्येतीची काळजी करणाऱ्यांचं ऐकत नसे. हा देहाचा छळ नव्हता का? काही दिवस तो होता असं मला वाटतं, आणि गीतेचा इशारा त्याच्यापुरता गैरलागू आहे असं मी म्हणणार नाही. पण इथे दंभ नव्हता, आणि ज्या कामासाठी तो मागत होता तिथे त्याचा हात कधीच पोचणार नव्हता.

१ सप्टेंबर १९८० रोजी, १४३ दिवस आणि ५,३७३ किलोमीटर झाल्यावर, थंडर बे शहराजवळ त्याला थांबावं लागलं. कर्करोग फुप्फुसात पोचला होता. तोवर सुमारे १७ लाख डॉलर जमले होते. म्हणजे धावण्याचे सगळे दिवस, सगळे कष्ट मिळून एवढे. तो उपचार घेत असताना, धावणं थांबलेलं असताना, फेब्रुवारी १९८१पर्यंत ही रक्कम २ कोटी ४१ लाखांवर गेली, म्हणजे देशातल्या प्रत्येक माणसामागे एक डॉलर. लोकांना मरणाची दया आली म्हणून हे झालं असं म्हणता येईल, आणि काही अंशी ते खरंही असेल. पण जून १९८१ मध्ये तो गेल्यावर त्या सप्टेंबरपासून त्याच्या नावानं दर वर्षी जी दौड होते तिच्यात कुणी मरत नसतं आणि कुणाचं रक्त सांडत नसतं. त्या दौडीत पहिला-दुसरा क्रमांक नसतो. धावता येत नसेल त्यानं चालावं. पैसा मात्र अजून येतो, आणि संशोधनाला जातो.